खिळे

दारूच्या अड्ड्याची घृणा मी पुस्तकातून शिकले नाही. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान होतं. पगाराच्या संध्याकाळी तिथून कोण कसं घरी परततं, आणि मग त्या घरातून कसले आवाज येतात, हे आम्ही मुलींनी दाराआडून ऐकलंय. म्हणून ग्लासगोत केल्व्हिनग्रोव्ह कलासंग्रहालय पाहून झाल्यावर लेक म्हणाली, “आई, आता पबात जेवू,” तेव्हा मी बिथरलेच. चित्रं पाहून आल्यावर गुत्त्यात बसायचं?

केल्व्हिनग्रोव्ह म्हणजे लाल दगडाची 1901 सालची भव्य वास्तू. तिथे साल्वादोर दालीचा ख्रिस्त आहे, 1951 सालचा. क्रूस वरून पाहिलेला, खाली पाणी, होडी, कोळी. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. चित्र आपल्याला कळलं, या समाधानात बाहेर पडले.

पबात पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या केसांची एक बाई अर्धा ग्लास बिअर घेऊन शब्दकोडं सोडवत होती. भरदुपारी, एकटी. घरी नक्की काहीतरी बिनसलेलं असणार, असा निकाल मी मनात देऊनही टाकला. दाली पाहून आलो हे लेकीकडून कळताच तिने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, “हातांत खिळे दिसले का तुम्हाला?”

दिसले की, असं मी म्हणणार होते. पण आठवू लागले आणि गप्प झाले. त्या चित्रात खिळे नाहीत. रक्त नाही, काट्यांचा मुकुटही नाही. इतका वेळ उभं राहून मी चित्र पाहिलंच नव्हतं. डोक्यात आधीपासून होते ते खिळे त्या हातांत ठोकून मोकळी झाले होते. आणि या बाईचंही मी तेच केलं होतं. फार लाज वाटली.

ती सांगत राहिली. 1952 साली शहराने या चित्रासाठी 8,200 पौंड मोजले, तेव्हा केवढा गहजब झाला. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनीसुद्धा विरोध केला. 1961 मध्ये एकाने ते फाडलं, मग ते पुन्हा सांधलं. तिचे वडील जहाजांच्या कारखान्यात कामाला होते. त्या पैशांवरून त्यांचे मित्रांशी पबात कितीतरी वर्षं वाद चालत. बोलताना ती सारखी ‘आमचं चित्र’ म्हणत होती.

आमच्या गल्लीतल्या त्या दुकानात गिरणीकामगार बसत. ते काय बोलत, कशावरून भांडत, मला माहीत नाही. आम्ही त्यांची फक्त चाल पाहिली. ज्यांनी घरी येऊन बायकांवर हात उचलला, त्यांना मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तिथे बसणारा प्रत्येक जण तसाच, हे मी पाहून नव्हे, धरून चालले होते.

केल्व्हिनग्रोव्हला तिकीट नाही. ग्लासगोला गेलात तर दाली जरूर पाहा आणि नंतर जवळच्या एखाद्या पबात बसा. नुसतं सूप मागवलं तरी चालतं. शेजारच्या टेबलाशी मात्र बोला.