घरामागच्या ओहोळाचा नकाशा

आमच्या घरात भूगोल घेऊन बीए झालेले तिघं: ताई, मी आणि काकांचा धाकटा. आमच्या बेटेगावहून बोईसर स्टेशन गाठायचं आणि तिथून शटलने पालघर. लोकल डहाणूपर्यंत आली 2013 साली. ताई आणि मी त्याच्या कितीतरी आधीचे. पालघरला दांडेकर कॉलेज नसतं तर ताईचं शिक्षण बारावीलाच थांबलं असतं. तिला रोज मुंबईला कोण पाठवणार होतं?

प्रॅक्टिकलला टोपोशीट मिळायची. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. दर 20 मीटर उंचीला एक तपकिरी समोच्च रेषा, पिवळी शेती, हिरवं जंगल, लाल घरं. रेषा दाटल्या की चढ उभा, फाकल्या की सपाटी. ताईने आणि मी वाचले ते सगळे लांबच्या मुलखाचे नकाशे. बेटेगाव येतं 47 ए/13 या शीटवर, आणि ती शीट आमच्या टेबलावर कधी आली नाही. किनाऱ्यापासून 80 किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे तेव्हा प्रतिबंधित असत. त्यात 1969 पासून तारापूरचं अणुवीज केंद्र शेजारी. संरक्षणाचं कारण कळायचं. तरी पोरांनी परक्या नद्या गिरवाव्यात आणि घरामागच्या ओहोळाचा उतार कागदावर बघू नये, हे मला आजही पटत नाही.

शेवटच्या वर्षाला ताईला प्रकल्प मिळाला, गावाचं भूमी उपयोजन. गावनकाशाची नक्कल ओटीवर पसरली आणि सगळं घर तिच्याभोवती बसलं. आजोबांना सर्व्हे नंबर ठाऊक नव्हते. ते बोट ठेवून सांगायचे, "हे वरकस, इथे नागली नि वरी. ह्या उथळ जमिनीत हळवा भात. खालच्या खाचरांत पाणी उशिरापर्यंत राहतं गो, तिथे गरवा." राब कुठे भाजायचा तेही त्यांनी दाखवलं. होळीनंतर कुठल्या विहिरी आटतात ते आईने चुलीपाशी बसूनच सांगितलं. ताई शाईने एकेक नाव उतरवत गेली. आमच्या घरात अभ्यासाला मोठ्या माणसांचा एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्या विषयात झाला नाही.

धाकट्याच्या वेळेपर्यंत पर्यावरणाचा विषय सगळ्याच शाखांना सक्तीचा झाला होता; वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच तसा आदेश दिला होता. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा त्याला वेगळा पाठ करावा लागला नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पश्चिमेच्या कारखान्यांचा रासायनिक वास ओटीवर यायचा.

2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नकाशे खुले होत गेले. आता बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक बेटेगावजवळच उभं राहतंय. ताईचा नकाशा स्कॅन करून धाकट्याने उपग्रहचित्रावर बसवायला घेतलाय. विहिरी जुळल्या, ओहोळ जुळला. गरव्याच्या खाचरांपाशी मात्र तो अडलाय, कारण तिथे भराव पडून उतारच बदललाय.