पट किती?

आमच्या अण्णांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. कशी आहेस, जेवलीस का, जावई काय म्हणतात.. छे! "पट किती?" बस्स. मी म्हणायचं "एकोणीस". मग तिकडून एक लांबलचक "हं.." आणि फोन आईकडे. अण्णा माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं गुरुजी होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण शाळा काही डोक्यातून गेली नाही. स्वतःची संपली तर आता माझी धरलीय.

माझी शाळा जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. घरापासून बावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार माझ्या स्कूटीला आणि माझ्या कमरेला सारखेच नकोसे. पट एकोणीस, पण मार्च-एप्रिलमध्ये समोर बसलेली मुलं मोजली तर बारा-तेरा. उरलेली आईबापाबरोबर रानात बाळहिरडा वेचायला. पोत्याला चार पैसे मिळायचे हेच दिवस, त्यामुळे त्यांना रागावताही येत नाही.

2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायची कल्पना निघाली. तेव्हापासून 'वीस' हा आकडा आमच्यासारख्या शाळांच्या मानगुटीवर बसलाय. म्हणून दर पाडव्याला आम्ही 'गुढीपाडवा, पट वाढवा' करत वाडीतून फिरतो. घरोघर जायचं, सहा वर्षांचं पोर दिसलं की त्याच्या आईबापाला गाठायचं आणि नाव नोंदवून घ्यायचं. एल.आय.सी.च्या एजंटला जशी लांबून बघून लोकं घरात जातात ना, तसं आता आमचं झालंय :-)

2025 च्या पाडव्याला (30 मार्च, रविवार) आई-अण्णा आले होते. येणार म्हणून आठ दिवस आधीपासून माझी घरातली आवराआवर आणि शाळेतली त्याहून जास्त! भिंतीवरचे तक्ते बदलले, दाखल-खारीज रजिस्टरला नवीन कव्हर घातलं. साहेब तपासणीला येतात तेव्हा मी इतकी करत नाही. आई पुरणाची तयारी घेऊनच आली होती. गुढी उभी केली आणि नऊ वाजता मी निघाले तर अण्णा पायात चपला घालून तयार. "मीपण येतो."

वाडीत दोन नावं तर आधीच अंगणवाडीतून ठरलेली होती. तिसरं घर ओढ्यापलीकडचं. त्या मुलाचा बाप नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला हमाली करतो, रविवारचा घरी होता. पोराला खालच्या गावाहून व्हॅन येते त्या इंग्लिश मिडीयमला घालायचं त्याच्या मनात. मी माझं भाषण सुरू केलं. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारची खिचडी, शिक्षक डी.एड. झालेले, मातृभाषेतून मूल लवकर शिकतं.. सगळं पाठ आहे मला. आणि खोटं त्यात काहीच नाही.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, तुमचं पोरगं कुठं असतंय शाळंला?"

"जुन्नरला," मी म्हटलं.

"झेडपीच्या का?"

मी काय बोलणार? आमचे चिरंजीव जुन्नरच्या एका इंग्लिश मिडीयम शाळेत दुसरीत. पिवळी बस दारात येते. त्या माणसाच्या आवाजात टोमणा नव्हता हो, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शेजारी अण्णा उभे. त्यांनी फक्त त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला पाण्याचा तांब्या मागितला. पाणी प्यायलो आणि निघालो. परतीच्या बावीस किलोमीटरमध्ये स्कूटीवर मागे बसलेले अण्णा एक शब्द बोलले नाहीत.

आता इथे एक सांगायला हवं. मी आणि माझा भाऊ, दोघंही अण्णांच्याच शाळेत शिकलो. चार वर्षं त्यांना घरीसुद्धा मी 'गुरुजी'च म्हणत होते. छडी सगळ्यात जास्त मलाच मिळायची, गुरुजींच्या पोरीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको म्हणून. "माझ्या वडिलांनी स्वतःची मुलं स्वतःच्या शाळेत घातली" हे वाक्य मी शिक्षण परिषदेत दोनदा तरी माईकवर बोललेय, टाळ्याही घेतल्यात. आणि चिरंजीवांची अ‍ॅडमिशन घेताना हेच अण्णांना सांगायला मला तीन आठवडे लागले होते.

रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली. मला वाटलं आता बोलणार. बोलले, पण भलतंच.

"तुला माझ्या शाळेत घातलं ते काय तत्त्व म्हणून घातलं असं वाटतं का तुला? जवळपास दुसरी शाळाच नव्हती. दहिवडीला ठेवायचं तर खोलीचं भाडं कोण देणार होतं? असती ना दारात पिवळी बस, तर मीही विचार केला असता."

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. उलट रागच आला. इतकी वर्षं मी ज्याच्याशी स्वतःची तुलना करून मनात कुढत होते, ते मुळात तसं नव्हतंच? आणि ते इतक्या साध्या आवाजात सांगायचं? आई म्हणाली, "झोपा आता दोघं." झोप कसली..

ईदची सुट्टी झाल्यावर मंगळवारी शाळा होती. सकाळची, सात ते सव्वाअकरा. चिरंजीवांच्या परीक्षा संपलेल्या, त्यामुळे तेही बरोबर. शाळेत पोचले तर सरांचा फोन, तालुक्याला मीटिंग. म्हणजे चारही वर्ग मला एकटीला! हे महिन्यातून कितीतरी वेळा होतं. सर नसतील तर मी नसते. 2024 मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका, बीएलओचं काम वेगळं. रोजची खिचडीची माहिती मोबाईलवर भरायची, माणशी शंभर ग्रॅमने तांदूळ मोजायचा, आणि रेंज मिळते ती फक्त टाकीजवळच्या दगडावर उभं राहिलं की. खरं सांगायचं तर चिरंजीवांना माझ्या शाळेत न घालण्याचं खरं कारण इंग्रजी नाहीच. घरी, नातेवाइकांत मी इंग्रजीचं नाव पुढे करते कारण ते सोपं आहे. मी वर्गात किती दिवस नसते हे मला माहीत आहे, हे खरं कारण. त्या टोमॅटो मार्केटवाल्याला हे माहीत नाही आणि मी ते त्याला सांगितलं नाही.

तर अण्णांनी न विचारता तिसरी-चौथीचा ताबा घेतला. माझ्याकडे पहिली-दुसरी, फक्त दोन वर्ग. दाराआडून अण्णांचा पाढ्यांचा आवाज. किती महिन्यांनी मी सलग चार तास शिकवत होते कोण जाणे! पहिलीतली एक मुलगी जानेवारीपासून काना-मात्रेत अडकलेली, तिने बोट ठेवून पूर्ण ओळ वाचली. मग परत वाचली. मग मला ऐकू आलं की नाही म्हणून तिसऱ्यांदा.

चिरंजीव तिसरीत जाऊन बसले होते. अण्णांनी विचारलं, एकोणसाठ लिही. याने मोठ्या रुबाबात एकोणसत्तर लिहिलं. शेजारची मुलगी पोट धरून हसली आणि मग मधल्या सुट्टीत तिने त्याला चिंचोके मांडून एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस.. सगळं शिकवलं. (2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा अण्णा आठवडाभर चिडले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच याला 'पन्नास नऊ' सांगून वाट दाखवली. मी बघितलं, ते बघितलं नाही असं दाखवलं.)

परत येताना अण्णा एवढंच म्हणाले, "आम्हालाही जनगणना होती. पण दहा वर्षांनी एकदा."

शुक्रवारी ओढ्यापलीकडची बाई आधार कार्ड घेऊन आली. पोराचं नाव घालायचं म्हणाली. नवरा तयार आहे का हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. चौथीतून पाच गेले, पहिलीला तीन आले. सतरा. चिरंजीवांना घातलं असतं तरी अठराच.

त्यावर आमच्या घरी दोनदा बोलणं झालं आणि तिसऱ्यांदा भांडण. इंग्लिश मिडीयमची फी मी मे महिन्यात भरली. त्यांच्या शाळेला शनिवारी सुट्टी असते, तेव्हा आता दर शनिवारी चिरंजीव स्कूटीवर माझ्यापुढे. पहिल्याच शनिवारी हजेरी घेताना ती चिंचोक्यांवाली म्हणाली, "बाई, ह्याचं नाव राहिलं." मी म्हटलं तो पाहुणा आहे. तिला ते काही फारसं पटलं नाही.

शाळा सुरू झाल्यावर अण्णांचा फोन आला.

"पट किती?"

"सतरा."

"हं.." मग फोन आईकडे जाईल म्हणून मी थांबले. गेला नाही. "तो ओढ्यापलीकडचा येतो का?"

"येतो. आई सोडते."

"आणि ओढ्याला पाणी आल्यावर?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. सरांशी बोलते म्हटलं.