जामीन

प्रार्थनासभेत साक्ष द्यायला माणसे उभी राहतात. कुणाचा अडलेला व्हिसा आलेला असतो, कुणाचे बंद पडत आलेले दुकान सावरलेले असते, कुणाच्या मुलाला मनासारखी नोकरी लागलेली असते. माइक हातात आला की आवाज कापतो, डोळे भरून येतात. या साक्षी मी मनापासून ऐकतो. पदरात पडलेल्या भाकरीसाठी देवाचे आभार मानणारा माणूस खरेच बोलत असतो. त्याने काढलेल्या रात्री आपण पाहिलेल्या नसतात.

माझे मन अडते ते त्यानंतर. एखादा उपदेशक उठतो आणि त्या साक्षीचा नियम करून टाकतो. विश्वास ठेवा, हात सैल सोडून अर्पण द्या, देव कित्येक पटींनी परत करील. हा नियम मानला की त्याची दुसरी बाजूही मानावी लागते : ज्याला मिळाले नाही, त्याचा विश्वासच कमी पडला. आमच्या आळीतल्या एका बाईंच्या यजमानांचा धंदा बुडाला आणि घेणेकरी दारात येऊ लागले, तेव्हा त्यांनी मला हेच विचारले होते. "भाऊ, मी रोज रोझरी करते. माझ्या भक्तीत कुठं कमी पडलं?" हे ऐकून मी आतून हललो. धंदा तर गेलाच होता, वर देवासमोरही त्या स्वतःला आरोपी समजत होत्या. जो गोठ्यात जन्मला, दुसऱ्याच्या गाढवावर बसून यरुशलेमेत गेला आणि दुसऱ्याच्या कबरीत ठेवला गेला, त्या येशूच्या नावाने गरिबाला असे आरोपी करता येत नाही. पौलासारखा प्रेषित तंबू करून पोट भरायचा आणि तरीही त्याला कितीदा उपास घडले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

मग श्रद्धेचा आणि भरभराटीचा काही संबंधच नाही, असे म्हणणारेही भेटतात. मला तेही पटत नाही. दारिद्र्याला पवित्र म्हणणे बहुधा पोट भरलेल्यांनाच सुचते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरी मागितलेली आहे, आणि ती सगळ्यांसाठी मिळून मागितलेली आहे. एकट्यापुरती मागायची सोयच तिथे नाही. श्रद्धेने माणसे वर येतात, गावेच्या गावे वर येतात, यावर माझा विश्वास आहे. फक्त ही वाट कुठून जाते ते नीट पाहायला हवे. माझ्या मते ती जामिनाच्या सहीवरून जाते.

नव्या करारात पौलाने फिलेमोनला लिहिलेले पत्र आहे, जेमतेम पानभर. फिलेमोनचा अनेसिम नावाचा एक दास मालकाला सोडून तुरुंगातल्या पौलापाशी येऊन पोचलेला असतो. पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला कळवतो की याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घरात घे. इथवर कोणीही भला माणूस लिहील. पण पौल पुढे जातो. याचे तुझे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, आणि हे मी माझ्या हाताने लिहून देतो आहे, असे तो सांगतो. स्वतः कैदेत बसलेला माणूस दुसऱ्याच्या देण्यापोटी सही करतो. श्रद्धा दिसते कशी, असे कुणी विचारले तर मी हे पत्र पुढे ठेवीन.

त्याच बायबलमध्ये नीतिसूत्रांचे पुस्तक मात्र पुन्हा पुन्हा बजावते की शेजाऱ्याला जामीन राहू नकोस, अंगाखालचे अंथरूणही जाईल. घरोघरी वडीलधारी हेच सांगतात, आणि त्यांचे चुकत नाही. सहीपायी देशोधडीला लागलेली घरे सगळ्यांनी पाहिली आहेत. तरीही इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीनच म्हटले आहे. म्हणजे धोका खरा आहे, आणि तो ख्रिस्ताने जाणूनबुजून पत्करला. त्याच्यामागे चालणाऱ्याने या धोक्याचे काय करायचे, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

याचे व्यवहारातले उत्तर मला एका जर्मन गावकारभाऱ्याच्या आयुष्यात सापडले. फ्रिडरिख विल्हेल्म राइफायझन हा वायरबुश या खेड्याचा महापौर होता. पीक बुडाले आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात धान्य गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले. त्याने गावातल्या सधन लोकांकडून पैसा उभा केला, पीठ आणले, सामाईक भट्टीत पाव भाजवले आणि ते स्वस्तात, उधारीवर दिले. पुढे बरीच वर्षे तो अशाच संस्था काढत राहिला. पैसा श्रीमंतांचा, मदत गरिबांना. त्या टिकेनात. देणाऱ्याचा उत्साह ओसरला की संस्थेचा जीव जाई. अखेर १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्याने मांडणीच फिरवली. ज्याला कर्ज हवे तोच सभासद. आणि एकाचे कर्ज बुडाले तर ते सगळ्यांनी मिळून, आपापल्या घरादारासकट, भरून द्यायचे. जबाबदारीला मर्यादा नाही. म्हणून संस्था लहानशा परिसरापुरतीच, कारण एकमेकांना न ओळखणारी माणसे एकमेकांसाठी एवढे पणाला लावणार नाहीत. कारभार पाहणाऱ्यांनी तो बिनपगारी पाहायचा. राइफायझनची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. त्याची मुलगी अमाली त्याचे लिहिण्यावाचण्याचे काम करी. शेजाऱ्यावर प्रीती कर, ही आज्ञा कर्जाच्या वहीलाही लागू आहे, असे तो मनोमन मानत होता. तो प्रोटेस्टंट, मी कॅथलिक. माझ्या लेखी तो संतांच्या पंगतीतला आहे.

भारतात १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा खेड्यांसाठी याच राइफायझनचा नमुना डोळ्यांपुढे होता. पाच वर्षांनी, १९०९ मध्ये, रांचीला येशूसंघीय फादर योहान हॉफमन यांनी छोटानागपूरच्या आदिवासींसाठी कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी केली. त्याआधी १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता. पण कायद्याने जमीन वाचली तरी बियाण्याला पैसा कुठून यायचा? सावकाराच्या दारातूनच येणार असेल, तर जमीन पुन्हा त्याच दारातून जाणार, हे त्यांनी ओळखले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना देश सोडावा लागला. संस्था मात्र मागे उरली.

आणि १९१८ मध्ये आमच्या वसईत, पापडीला, मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी पतसंस्था काढली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. इथला शेतकरी केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजी पिकवणारा. विहिरीला पाणी होते, अंगात कष्ट होते. पण लग्न निघाले किंवा बैल मेला की सावकाराशिवाय गती नव्हती. पतसंस्थेने व्याजाचा फास सैल केला, पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. रविवारच्या मिस्साला एका बाकावर गुडघे टेकणारी माणसे सोमवारी एकमेकांच्या कागदावर सही करू लागली.

ती सही होताना मी लहानपणी पाहिली आहे. माळी आळीतले नाना पंपासाठी कर्ज काढणार होते. संध्याकाळी ते ओटीवर येऊन बसले. पिशवीत घडी घातलेला अर्ज, बोलण्याआधी बराच वेळ खाकरणे. वडिलांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि तसाच परत दिला. "उद्या सकाळी वाडीत येतो," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागे गेलो. त्यांनी विहिरीत वाकून पाहिले, बादली ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चूळ टाकली. पाणी गोडे होते. केळीची एक पोग ओरबाडून पाहिली, पाटाचा उतार पाहिला, नानांच्या थोरल्याला शाळेचे विचारले. मग तिथेच बांधावर अर्ज गुडघ्यावर धरून सही केली. पुढे एका पावसाळ्यात हप्ते थकले. वडील चिडले नाहीत. ते रोज संध्याकाळी नानांच्या वाडीत जाऊन बसू लागले, कुठले पीक आधी काढायचे, कुठला माल दादरला पाठवायचा, याचा दोघे विचार करत. नाना आमच्या चर्चमधले नव्हते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना आपल्या समाजाच्या कुंपणापाशी थांबता येत नाही, अशी वडिलांची धारणा होती आणि माझीही आहे.

भरभराट येते ती अशी. सहीच्या मागोमाग एक माणूस दुसऱ्याच्या विहिरीपर्यंत जातो, त्याचा हिशेब समजून घेतो, त्याच्या अपयशाचा भागीदार होतो. ज्याच्या पाठीशी असे कुणी आहे, त्याला धाडस करता येते.

आज वसईत पैसा पुष्कळ आहे. त्यातला बराच जमिनी विकून आलेला. वाड्या गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, कित्येक विहिरींचे पाणी खारट झाले. कर्ज आता सिबिल स्कोअरवर मिळते, मोबाइलवर काही मिनिटांत मिळते, आणि हप्ता चुकला की अनोळखी आवाज फोनवर शिव्या घालतो. जामीन मिळणे मात्र फार अवघड झाले आहे. सख्खा भाऊसुद्धा विषय बदलतो. त्या आळीतल्या बाईंच्या भक्तीत काहीच उणे नव्हते. उणे होते ते आजूबाजूच्या घरांत, जिथे त्यांचा प्रश्न घेऊन कुणी बसायला तयार नव्हते.

आमच्या धर्मग्रामात तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. यशस्वी उद्योजक येतात, प्रार्थनेने दिवस सुरू होतो, प्रकल्प अहवाल कसा करायचा ते शिकवतात. चांगले काम आहे. माझी एवढीच विनंती आहे की त्यात एक दुपार जामिनाला द्यावी. कुणासाठी सही करावी, कुणासाठी करू नये, सहीपूर्वी त्याच्या घरी आणि धंद्याच्या जागी जाऊन काय काय पाहावे, हप्ता थकला तर भांडायला जाण्याऐवजी त्याच्याबरोबर कसे बसावे, हे जुन्याजाणत्यांकडून ऐकावे. फिलेमोनचे पत्र वाचायला पाच मिनिटे पुरतील. उरलेला वेळ कर्जाचा कोरा अर्ज समोर ठेवून तो रकान्यारकान्याने भरायचा, जामीनदाराच्या नावापर्यंत.