नांगा कुणाच्या पानात

चिंबोरी घेताना जाणकार माणूस आधी तिथी विचारतो. पौर्णिमेच्या सुमाराची चिंबोरी पोकळ आणि अवसेची भरलेली, हे कासूतलं शाळकरी पोरही सांगेल. कात टाकल्यावर काही दिवस तिच्या नव्या कवचात मांसापेक्षा पाणीच जास्त असतं, एवढं खरं. त्यात चंद्राचा वाटा किती, यावर वाद घालण्यापेक्षा मी मुकाट्यानं भिंतीवरचं कालनिर्णय बघतो. श्रावणाच्या तोंडाशी येणारी गटारी अवसेलाच का, याचं उत्तरही मी माझ्यापुरतं चिंबोरीत शोधलेलं आहे.

पेण सोडलं की रोह्याच्या गाडीला पुढचं स्टेशन कासू, मग नागोठणे. पूर्वेला डोंगर. पश्चिमेला भातशेतं उतरत उतरत आंबा नदीच्या खाडीपर्यंत जातात. मध्ये खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध, बांधापलीकडे तिवरं आणि गुडघाभर चिखल. म्हणून इथल्या माणसाला दोन्हीकडचं सुख मिळतं. पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन शेताच्या बांधावर निघायचं, ते मुठ्यांसाठी, म्हणजे शेतातल्या खेकड्यांसाठी. खरी चिंबोरी मात्र खाडीची. तिचं बीळ बांधात झालं की शेतकरी तिला शिव्या घालतो, कारण बिळातून पाणी झिरपतं आणि मोठ्या उधाणाला तिथेच खांड जाते. अर्थात मातीच्या बांधाचं बीळ वेगळं नि धरण वेगळं. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हा त्या वेळच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला होता. खेकड्याला नांगे असतात, वकील नसतो.

पकडायच्या दोन तऱ्हा. एक आळशी माणसाची: लोखंडी कडीला जाळं, त्यात मासळीचं डोकं बांधायचं, दोरीनं पाण्यात सोडायचं आणि गप्पा मारत बसायचं. दुसरी ओहोटीला चिखलात उतरून करायची. लांब लोखंडी आकडा बिळात सरकवायचा. चिखलात तो मुका जातो. कवचाला लागला की हाताला टक्‌ कळतं. मग घाई करायची नाही. चिंबोरी चिडते आणि आपल्याच नांग्यानं आकडा धरते. धरला की सोडत नाही, आणि त्या हट्टापायीच ती बाहेर येते. बाहेर आल्यावर मागून धरायची, शेवटच्या चपट्या पायांच्या बाजूनं. तिथवर नांगा पोचत नाही. पायानं पाठ हलकेच दाबायची, दोन्ही नांगे मिटवून सुतळीचे वेढे घालायचे. हे जमणारा माणूस बोलत बोलत बांधतो. न जमणाऱ्याची बोटं महिनाभर गावात चर्चेत राहतात.

दोन नांगे सारखे नसतात, हे पानात वाढलेल्या नांग्यावरूनही दिसतं. एकाचे दात बोथट, दाढांसारखे. तो शिंपले फोडायला. दुसऱ्याचे बारीक, कापायला. नराचे नांगे मादीपेक्षा मोठे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दगडी खेकड्याचे नुसते नांगेच काढून घेतात आणि खेकडा परत पाण्यात सोडतात. मोसम 15 ऑक्टोबर ते 1 मे. नांगा पावणेतीन इंचांहून किंचित मोठा हवा. अंडी घेतलेल्या मादीला हात लावायचा नाही. हौशी माणसालाही हे नियम लागू. पुढच्या काती टाकताना नांगा पुन्हा फुटतो, हे त्यामागचं गणित. ऐकायला फार दयाळू वाटतं. पण शिंपला फोडायचं आणि वैऱ्याला अडवायचं हत्यार काढून घेतलेला तो जीव चिखलात करणार काय? दोन्ही नांगे गेलेले बरेच खेकडे जगत नाहीत. त्यापेक्षा आपलं बरं, असं मला वाटतं: मोठी आहे ती अख्खी घ्यावी, लहान आहे ती अख्खी सोडावी. अंड्यांच्या नियमाचं मात्र इथे अवघड आहे. अंडी पोटाबाहेर आली की आमची चिंबोरी खाडी सोडून समुद्राकडे जाते, ती सहसा हाती लागतच नाही. आमच्या जिभेला लागते ती आतली केशरी लाख, म्हणजे पोटातली कच्ची अंडी. लाखेवर बंदी घालणारा अधिकारी पेण तालुक्यात निवडणूक लढवायचा विचार करणार नाही.

नांगे कालवणात टाकण्याआधी वरवंट्यानं एकेक ठोका द्यायचा. कवच तडकलं पाहिजे, चेचलं नाही पाहिजे. नाहीतर मांसात कचकच येते. बारीक पाय वाटून, गाळून त्याचं पाणी रश्शात घालायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, म्हणजे ते फुटत नाही. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, लसूण, आगरी मसाला, जरा चिंच. सोबत तांदळाची भाकरी.

आणि मग वाढणीचं राजकारण सुरू होतं. चिंबोरीला नांगे दोनच, घरात माणसं आठ. जावई आलेला असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर वाढणारीचा पळीवरचा हात बघत सगळे शांत बसतात. ज्याच्या पानात नांगा पडतो तो वरचं हलणारं बोट मागे वाकवून ओढतो. आत पातळ, पारदर्शक पातं असतं, त्याच्यासकट पांढऱ्या रेशांचं गोडसर मांस अलगद निघतं. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलू नये. मायामीत म्हणे हेच नांगे उकडून, गार करून, मोहरीच्या सॉसबरोबर खातात. गार! हे मी शेजारच्या आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "त्यांच्याकडं चूल नाय का?" आणि मग, जरा थांबून, "आणि रस्सा कशाचा करतात?"