शिफारशीचें मोल

शिफारस ही मोठी नाजूक वस्तु आहे. आपण होऊन मिळाली तर ती सोन्याच्या मोलाची, मागून मिळाली तर रुप्याची. आणि पैसे मोजून मिळाली तर तिला कोणत्या धातूची म्हणावें, हा प्रश्न हल्लीं लहानमोठ्या प्रत्येक दुकानदारापुढें उभा आहे.

पूर्वीं चांगला मसाला कोठें मिळतो हें शेजारणीला विचारीत. आतां फोनवर चार शब्द लिहितात, आणि शोधयंत्र दुकानांची यादी पुढें ठेवतें. यादीच्या शिरोभागीं ज्याचें नांव त्याच्या दारीं गिऱ्हाइकांची रीघ. ज्याचें तळाशीं, तो असून नसल्यासारखा.

ही यादी लावण्याची युक्ति लॅरी पेज व सर्जी ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोघां विद्यार्थ्यांनीं १९९८ सालीं मांडली, व तिच्यावरच गूगलची उभारणी झाली. युक्ति आम्हां अध्यापकांच्या घरचीच आहे. एखाद्या निबंधाची थोरवी इतर विद्वान त्याचा किती आधार घेतात यावरून जोखतात. तद्वत् एका पानानें दुसऱ्याकडे केलेला निर्देश हें त्याचें मत मानावयाचें, आणि ज्याला स्वतःलाच पुष्कळ मतें, त्याच्या मताला अधिक वजन द्यावयाचें. आज यंत्र आणखी पुष्कळ गोष्टी पाहतें. जवळपासचीं दुकानें दाखवितांना गिऱ्हाइकांचे अभिप्रायही तें विचारांत घेतें. मूळ श्रद्धा मात्र तीच कीं, लोक बोलतात तें मनापासून बोलतात.

याच श्रद्धेवर आतां घाव पडत आहे. एक मोठें काम बारीक तुकडे करून अनोळखी समुदायाकडून करवून घेणें, याला २००६ सालीं जेफ हाउ या अमेरिकन पत्रकारानें 'क्राउडसोर्सिंग' असें नांव प्रचारांत आणलें. पद्धति स्वतः निंद्य नव्हे. १८७९ सालीं जेम्स मरे यांनीं ऑक्सफर्डच्या कोशासाठीं वाचकांना शब्दांचे दाखले धाडण्याचें आवाहन केलें, तेंही हेंच. पण दाखले धाडणाऱ्यांनीं तीं पुस्तकें वाचलेलीं होतीं. न वाचतां दाखला देण्याचा धंदा आमच्या काळाचा.

आमचा एक जुना विद्यार्थी घरगुती मसाल्यांचें दुकान चालवितो. गेल्या वर्षीं तो एका दलालाचा प्रस्ताव घेऊन आमच्याकडे आला. दुकानांत कधीं पाऊल न टाकलेल्या दोनशें माणसांकडून दोनशें अभिप्राय. प्रत्येकामागें ठराविक दाम. नमुन्यांचें मराठी तेवढें आम्हीं सुधारून द्यावें, अशी त्याची इच्छा. आम्हीं नाहीं म्हटलें.

"सर, शेजारचा हेंच करून वर गेला. मीं खरेपणा धरून खालीं बसावें काय?"

आम्हीं म्हणालों, "तीस वर्षें आम्ही मुलांना शिफारसपत्रें देत आलों. त्यांना किंमत आली ती दिलेल्या पत्रांमुळें नव्हे, नाकारलेल्या पत्रांमुळें."

तो हंसला. "खरें आहे, सर. पण पत्र नाकारलें म्हणून तुमचा पगार कधीं थांबला नाहीं."

या उत्तरांत तथ्य होतें. त्याला दंडाचें भय दाखवून भागलें असतें. २०११ सालीं अमेरिकेतील जे. सी. पेनी या बड्या पेढीसाठीं असंबद्ध पानांवर निर्देश पेरले गेल्याचें न्यूयॉर्क टाइम्सनें उघडकीस आणलें, तेव्हां गूगलनें तिला यादींत पार खालीं ढकललें. २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोनेंही विकतचे अभिप्राय नाकारणारें मानक काढलें. परंतु भयानें आलेला प्रामाणिकपणा पहारेकऱ्याला डुलकी लागेपर्यंतच टिकतो.

म्हणून आम्हीं त्याची उधारीची वही पाहावयास मागितली. तींत कितीतरी घरांचीं नांवें होतीं. कित्येकांच्या दोन पिढ्या त्याच दुकानाच्या मसाल्यावर वाढलेल्या. "तुझा समुदाय हा," आम्हीं म्हणालों. "सर्वांना सांग, बरें वाईट जें वाटेल तें लिहा. सवलतीचें आमिष नको, आणि खूष गिऱ्हाइकें निवडूं नकोस." त्यानें तसें केलें. अभिप्राय सावकाश आले, थोडेच आले. एका बाईंनीं तर काळा मसाला गेल्या खेपेस करपट लागल्याचें सर्वांदेखत लिहिलें. तो दोन दिवस चडफडला. मग त्यानें स्वतः भाजणीपाशीं उभें राहून पाहिलें, आणि पातळ बुडाची कढई बदलली.

त्याचें दुकान अजून यादीच्या शिरोभागीं नाहीं, मध्यावर कोठेंतरी आहे. शेजारचा वरच आहे. सत्याचा जय ताबडतोब होतो असें सांगून वाचकांचें सांत्वन करण्याची आमची इच्छा नाहीं. पण दामाच्या त्या दोनशें माणसांपैकीं एकानेंही कढई बदलावयास सांगितलें नसतें. त्यांनीं मसाला चाखलाच नव्हता.