हिट्स, पेट्या आणि साका

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक तीन प्रश्न हमखास विचारतात. लॅपटॉप कुठला घेऊ, वाय-फाय का चालत नाही, आणि ज्यांचा काही धंदा आहे ते, "आमच्या वेबसाईटवर लोकं कशी आणायची रे?" पहिल्या दोघांची उत्तरं मी झोपेतही देतो. तिसऱ्याला मात्र दर वेळी उलट विचारतो, "कुठली लोकं?" मग समोरचा अशा नजरेने बघतो, की याला बहुतेक काही येत नसावं. :)

पण खरी गोम तिथेच आहे. जुन्या जिओसिटीजच्या पानांवर खाली एक काउंटर असायचा, आठवतोय? "आपण ०००३४७ वे पाहुणे आहात." त्यातले तीनशे वेळा मालकानेच रिफ्रेश दाबलेलं असायचं. याहूने जिओसिटीज २००९ साली बंद केलं, काउंटर गेले, पण आकडा वाढला की धंदा वाढला ही समजूत काही गेली नाही. आणि त्याला कारणंही होती म्हणा. २००५ साली ॲलेक्स ट्यू नावाच्या इंग्लंडमधल्या एका विद्यार्थ्याने एका पानावर दहा लाख पिक्सेल मांडले आणि प्रत्येकी एका डॉलरला जाहिरातीसाठी विकले. सगळे विकले गेले! कारण काय, तर सगळे बघायला येतायत म्हणून सगळे बघायला येत होते. अशा गोष्टी एकदाच होतात. पण ऐकणाऱ्याला वाटतं आपलीच दुसरी.

तर सांगायचा मुद्दा असा की माझ्या मामाची हापूसची बाग आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. मोठी नाही, पण कलमं जुनी आणि चांगली. माल वर्षानुवर्षं वाशीला जायचा. पेट्या टेम्पोत चढवल्या की मामाचा त्यांच्यावरचा ताबा संपला. भाव काय मिळाला ते पट्टी हातात आल्यावर कळणार, आणि त्यातून भाडं, हमाली, अमुक-तमुक वजा होऊन जे उरेल ते आपलं. मामेभावाने डिप्लोमा केला आणि म्हणाला, आपण थेट गिऱ्हाइकाला विकू. वेबसाईट काढू. मामा म्हणाला, दोन हंगाम बघू, नाही जमलं तर तू मुंबईला नोकरी बघ. हे त्याने रागाने नव्हे, सरळ हिशोबाने सांगितलं होतं.

वेबसाईट एका कंपनीने करून दिली. (नाव लिहीत नाही, त्यांच्यासारख्या पन्नास आहेत.) वर एक पॅकेज: महिन्याला दहा हजार हिट्सची हमी आणि पाचशे बॅकलिंक्स. २०१९ च्या हंगामात हिट्स खरंच आल्या. कबूल केल्यापेक्षा जास्त आल्या. वेबसाईटवरून ऑर्डरी आल्या चार. त्यातली एक माझ्या आईची.

त्या दिवाळीत मी गावाला गेलो होतो, तेव्हा मामेभावाने पासवर्ड माझ्या हातात ठेवला. सर्व्हरचा लॉग उघडून बसलो. आता हिट म्हणजे माणूस नव्हे, हे आधी सांगायला हवं. ब्राउझरने सर्व्हरकडे मागितलेली प्रत्येक फाईल म्हणजे एक हिट. पानावर चाळीस फोटो असतील तर एक माणूस एकदा आला की एक्केचाळीस हिट्स. म्हणजे दहा हजार हिट्स म्हणजे अडीचशे माणसं सुद्धा नाहीत. आणि ती तरी माणसं होती का? रात्री तीन वाजता बरोब्बर दर चाळीस सेकंदांनी कुणीतरी आंबे बघायला येतंय, शून्य सेकंद थांबतंय आणि जातंय. तेही अशा देशांतून, जिथे मामाचा टेम्पो काय, मामाचा पासपोर्टही पोचायचा नाही. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक इथून जवळजवळ कुणीच नाही.

मामी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "म्हणजे जत्रेत दुकान मांडलं, पण जत्रा मेली भुतांची."

यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून कुठल्या मीटिंगमध्ये ऐकलेली नाही.

त्या पाचशे बॅकलिंक्सचंही तेच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना पेजरँकची कल्पना काढली, १९९८ साली गूगल कंपनी झाली. कल्पना आपल्याकडच्या सोयरिकीसारखी आहे. मुलगा कसा आहे हे मुलाला विचारत नाहीत, चार लोकांना विचारतात. आणि त्या चार लोकांची गावात किंमत काय, हेही बघतात. पानाला दुसऱ्या पानाने लिंक दिली म्हणजे ओळख दिली, आणि ज्याची स्वतःची ओळख मोठी त्याच्या शब्दाला वजन जास्त. झालं! हे कळल्याबरोबर ओळखी विकणारे निघाले. गूगलने २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला तो मुख्यतः या विकाऊ लिंक्सवरच. त्याआधी २०११ मध्ये पांडा आला होता, तो भरताड मजकुरावर. तरी २०१९ मध्ये आमच्या मामाला कुणीतरी पाचशे लिंक्स विकतंच होतं. मेटा कीवर्ड्सच्या टॅगमध्ये दीडशे शब्द कोंबले होते ते वेगळेच, आणि तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

मग आम्ही काय केलं? पहिलं काम, दुकानाचं दार उघडलं. म्हणजे असं की पहिल्या पानावर सरकणारे पाच फोटो होते, प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, चार-चार एमबीचा. आंबा दिसेपर्यंत माणूस जेवून येईल. ते लहान केले, दीडशे केबीच्या आत. दरपत्रक हा एक फोटो होता! गिऱ्हाईक सगळ्यात आधी जे बघायला येतं ते दर. ते चित्रात असल्यावर शोधयंत्रापर्यंत शब्द म्हणून काही पोचतच नाही, आणि मोबाईलवर माणसाला बोटांनी ताणून ताणून वाचावं लागतं. ते साध्या अक्षरांत लिहिलं.

सगळ्यात गंमत मराठी पानाची. ते गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाईप करून आणलं होतं, जुन्या फॉन्टमध्ये. ज्यांनी हे फॉन्ट वापरलेत त्यांना माहीत आहे. पडद्यावर 'क' दिसतो, पण आत संगणकाच्या लेखी ते इंग्रजीतलं कुठलं तरी अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट बसवलेला असेल तर मराठी, नसेल तर विंचू-किडे. म्हणजे 'हापूस आंबा' असं कुणी गूगलवर मराठीत शोधलं तर आमच्या पानावर तो शब्द कुठेच नाही! मराठीतली कितीतरी चांगली पानं अशीच वर्षानुवर्षं अंधारात राहिली आणि मग त्यांच्या वेबसाईटींबरोबर गेली, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. कन्व्हर्टर लावून सगळं युनिकोडमध्ये आणलं. जोडाक्षरं आणि रफार मामेभावाने दोन रात्री बसून हाताने दुरुस्त केले.

दुसरं काम, लोक काय शोधतात ते बघणं. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. कुठले शब्द टाईप केल्यावर आपलं पान दिसलं आणि किती जणांनी त्यावर टिचकी मारली, ते तिथे कळतं. आमच्या वेबसाईटवर मथळा होता 'दर्जेदार कृषी उत्पादनांचे विश्वसनीय दालन'. असं कोण शोधतं हो? लोक शोधतात हापूस पेटी भाव. हापूस घरपोच पुणे. रोमन लिपीत तर हापूसची किती रूपं! कुणी एक यू लिहितं, कुणी दोन ओ, आंब्याला कुणी एन लावतं कुणी एम. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा मी माणूस, पण गिऱ्हाईक आपल्या दारात चुकीचं नाव घेऊन आलं म्हणून त्याला परत थोडंच पाठवतात? मथळा बदलला: जिल्हा, फळ, पेटी, घरपोच. बास.

आता खरी भानगड.

मामीला हंगामात दिवसभर फोन येत. प्रश्न तेच ते. आंबा पिकला हे कसं ओळखायचं? फ्रीजमध्ये ठेवू का? कार्बाइड मारता का? मी मामीला म्हटलं, तू फोनवर जे सांगतेस ते तसंच्या तसं बोल, मी लिहून घेतो. आढी कशी लावतात, भाताच्या पेंढ्यात थर कसे देतात, तयार फळ असेल तर साधारण आठ-दहा दिवस का लागतात. कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो, पण आम्ही तोही वापरत नाही. प्रत्येक प्रश्नाचं एक पान केलं. आणि मग आला साका.

साका म्हणजे हापूसच्या आत कोयीजवळ जो पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग होतो तो. बाहेरून फळ सुंदर दिसतं, कापल्याशिवाय कळत नाही. फळ झाडावर जास्त पिकू दिलं किंवा काढल्यावर तापल्या जमिनीवर ठेवलं की प्रमाण वाढतं, म्हणून मामा पूर्ण पिकायच्या आधी, तयार झाल्यावर लगेच काढतो आणि सावलीत ठेवतो. तरी काही फळांत निघतोच. मामी म्हणाली, हे लिहा. मामा भडकला. "मेल्यांनो, दुकानाच्या पाटीवर लिहितात का आमच्या मालात दोष निघतो म्हणून?" दोन दिवस घरात नीट बोलणं नव्हतं. मामाचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पट्टीत एका खराब फळावरून सबंध लॉटचा भाव पडलेला त्याने आयुष्यभर बघितलाय. मामीचं म्हणणं एवढंच, की फोनवर मी रोज हेच सांगते, आणि सांगितलं की माणूस चिडत नाही, न सांगता निघालं की चिडतो. शेवटी पान चढलं, खाली एका ओळीसह: साका निघाल्यास फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त देऊ.

पुढच्या वर्षभरात वेबसाईटवर सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान ते होतं. दरपत्रकापेक्षा जास्त. लोक दुसरीकडून आंबे आणायचे, कापायचे, पांढरं काहीतरी निघायचं, घाबरून शोधायचे आणि आमच्याकडे यायचे. पुढची पेटी आमच्याकडून. कुणीतरी ते पान एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तिथून आणखी चार ग्रुपवर गेलं. (व्हॉट्सॲपवरून आलेली माणसं ॲनालिटिक्समध्ये बहुतेक 'डायरेक्ट' म्हणून दिसतात, त्यामुळे नेमकं कुठून आली ते सांगता येत नाही. पण लिंक टाकल्यावर खाली जे चित्र आणि शीर्षक येतं ते पानातल्या ओपन ग्राफ टॅगमधून येतं, तेवढं मात्र जरूर भरावं. नुसती निळी ओळ कुणी दाबत नाही.)

आणि मग २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. ऐन हंगाम. वाशीचं मार्केट कधी चालू, कधी बंद. माल झाडावर थांबत नाही. त्या वर्षी कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना पेट्या दिल्या, त्यात मामाही होता. फरक एवढाच की त्याची पानं नोव्हेंबरपासून गूगलवर होती. शोधयंत्राला पान सापडून, त्याचा अंदाज येऊन ते वर यायला वेळ लागतो. मार्चमध्ये जागं झालेल्या माणसाला मे संपल्यावर फळ मिळतं. म्हणून आम्ही अजूनही दर जानेवारीत बसतो, मोहोर बघून. पानाचा पत्ता तोच ठेवतो, आतला दर आणि वर्ष बदलतो. आधीची कंपनी दर वर्षी नवीन पान करून जुनं पुसून टाकायची, म्हणजे दर वर्षी कमावलेली ओळख कचऱ्यात. ते जुने पत्ते मी ३०१ रीडायरेक्टने नव्या पानाकडे वळवलेत.

मामेभाऊ मुंबईला गेला नाही. निम्म्यापेक्षा जास्त माल आता थेट जातो. उरलेला अजूनही वाशीलाच, आणि मामाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण लहान फळाला तिथेच गिऱ्हाईक आहे.

सध्याचा प्रश्न वेगळाच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात शोधाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली. साका म्हणजे काय विचारलं की उत्तर तिथेच मिळतं, खाली यायची गरज नाही. मामीची वाक्यं जवळजवळ ओळखू येतात त्यात. साक्याच्या पानावर येणारी माणसं कमी झालीत, आलेख सरळ उतरताना दिसतो. ऑर्डरी तेवढ्या उतरलेल्या नाहीत, कारण आता बरीचशी गिऱ्हाइकं जुनी आहेत आणि ती शोधत नाहीत, फोन करतात. नवीन कशी येणार ते बघायचंय. मामेभावाचं मत, मामीचे व्हिडिओ काढावेत. मामीचं मत, आधी छताची कौलं बदलावीत.

मामाला मी तो उतरता आलेख दाखवला. त्याने चष्मा लावून नीट बघितला आणि विचारलं, "हे लोक पेटी घेणारे होते की नुसते विचारणारे?"

म्हटलं, ते काढून सांगतो. या शनिवारी तेच करत बसलोय.