कायद्यावाचून झालेली माघार

खानदेशात जळगावच्या परिसरात दोन बोली एकत्र येतात. पूर्वेला यावल-रावेरकडची लेवा, पश्चिमेला अमळनेर-पारोळा-धुळ्याकडची अहिराणी. अहिराणीत ‘मला’ला ‘माले’ म्हणतात, मुलाला ‘आंडोर’. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता 1907 साली भिल्ली भाषांसोबत वेगळे स्थान दिले. शाळेने मात्र तिला अशुद्ध मराठी ठरवले. 2001 च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या सुमारे 20 लाख 75 हजार होती. 2011 मध्ये ती सुमारे 18 लाख 60 हजारांवर आली.

ब्रिटनमधील वेल्समध्ये वेल्श भाषेचीही अशीच पीछेहाट झाली, पण ती उघड सत्तेने घडवली. 1536 च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. 1901 मध्ये तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या वेल्श बोलत असे. 2021 मध्ये हे प्रमाण 17.8 टक्के उरले.

खानदेशात असा कायदा कधीच झाला नाही. पाठ्यपुस्तक, कचेरी, कोर्ट आणि वर्तमानपत्र प्रमाण मराठीत आले, 1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारही मराठीत आणला, आणि बोलीला घर, शेत व बाजार एवढेच उरले. पुढे नोकरीनिमित्त शहरात आलेल्या आईबापांनी घरही मराठीला दिले. आजी अहिराणीत विचारते, नातू मराठीत उत्तर देतो. हट्ट कुणाचाच नसतो. मुलाला वर्गात कुणी हसू नये, एवढीच काळजी असते.

प्रतिकार अवघड होतो तो इथेच. वेल्समध्ये अन्याय कायद्यात लिहिलेला होता, म्हणून लढाही कायद्यासाठी उभा राहिला. 1967 आणि 1993 चे भाषा कायदे झाले, 1982 मध्ये वेल्श दूरचित्रवाहिनी सुरू झाली. खानदेशी माणसाने दाद कुणाकडे मागावी? मराठी त्याचीही भाषा आहे, आणि ती स्वतःच इंग्रजीला धास्तावलेली. तिच्याविरुद्ध तक्रार करणे त्याला घरभेदीपणा वाटतो.

खानदेशातल्या बोलींचा गौरव मात्र भरपूर होतो. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला. लग्नांत आणि मोबाइलवर अहिराणी गाणी जोरात वाजतात. पण ज्या भाषेवर लोक नाचतात आणि हसतात, तिच्यात मुलाला रागावत किंवा गणित समजावत नाहीत, तोवर ती पुढच्या पिढीची होत नाही.

म्हणून खानदेशातील उपायाची सुरुवात घरातून आणि पहिलीच्या वर्गातून व्हावी लागते. ‘माले’ म्हणणाऱ्या मुलाला चूक न ठरवता शिक्षकाने त्याशेजारी ‘मला’ शिकवले, तर मराठी येण्यासाठी अहिराणी सोडावी लागत नाही. दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या पिढ्या खानदेशाने पूर्वी पाहिल्या आहेत.